तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे

लाईट गेली ते एका अर्थी बरंच झालं. तुमचा गिटारचा ॲम्प तयार आहे, पण चालवून दाखवल्याशिवाय मी वस्तू हातात देत नाही, आणि विजेशिवाय तो चालवणार कसा? तेव्हा बसा. मेणबत्ती त्या पंख्याच्या पेटीवर ठेव. तिथे नको रे बाबा, वायरी आहेत, दुकान पेटवशील माझं. पलीकडे. हां. खुर्च्या दोनच आहेत, त्यातली एक मोडकी आहे, आणि कुठली ते मी सांगणार नाही. बास गिटार वाजवणारी कुठे गेली? तिथे मागे बसलीस होय? अंधारात दिसतही नाहीस. बस, बस. सामान पाडू नकोस म्हणजे झालं.

चौघांचा बँड तुमचा, आणि आलात तिघंच. ड्रमवाला कुठे?

...

असं. त्याला सांगितलंच नाहीत.

नाही, मला कुणी चुगली केलेली नाही. मघाशी दारात कुजबुजत होतात ना, तेवढं मला अजून ऐकू येतं. उद्या बाहेरचा कुणीतरी येणार, याच्या जागी वाजवून जाणार, आणि याला पत्ता लागणार नाही. अल्बमवर नाव याचंच राहणार. म्हणजे सगळ्यांचं भलं, नाही का? दुसरा अल्बम ना हा तुमचा? वाटलंच. पहिला अल्बम पोरं हसतखेळत करतात. दुसऱ्याच्या वेळी सगळे एकदम शहाणे होतात.

मग लाईट येईपर्यंत एक ऐका. भुताची गोष्ट म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. माझ्या ओळखीच्या एका रेकॉर्डिस्टच्या बाबतीत घडलेलं आहे. यात मी पदरचा एक शब्द घातलेला नाही. उलट आजवर सांगताना थोडा भाग गाळत आलोय. आज नाही गाळणार.

चौदा वर्षं झाली. बुधवार होता. रेकॉर्डिस्टला त्या संध्याकाळी एकच काम होतं. ड्रमवाल्याच्या हातात एक सीडी द्यायची आणि परत कामाला लागायचं. इतकं साधं काम.

हा रेकॉर्डिस्ट माझा जुना मित्र. त्याचा स्टुडिओ एका फर्निचरच्या दुकानाखालच्या तळघरात होता, आणि वायरिंग सगळं माझ्या हातचं. खाली उतरायला अठरा पायऱ्या. डाव्या हाताला त्याचं बटणांचं टेबल, समोर जाड काच, आणि काचेपलीकडे वाजवायची खोली. भिंतींना जुन्या गाद्या फाडून लावलेल्या. त्याचा एक नियम होता. काम सुरू झालं की सगळ्यांचे फोन, त्याचा स्वतःचासुद्धा, आवाज बंद करून खणात. चांगलाच नियम होता. तेव्हा तरी मला तसं वाटायचं.

तो बँडही चौघांचाच. त्यांच्या ड्रमवाल्याला सगळे टकटक म्हणायचे. हातात काठ्या नसल्या तर बोटांनी, बोटं गुंतलेली असली तर दातांनी, पण पोरगा सतत काहीतरी वाजवत असायचा. माझ्या दुकानात आला की मी आधी काचेचं सामान उचलून ठेवायचो. मला काका म्हणायचा. लोचट होता, न विचारता माझा चहा पिऊन टाकायचा, आणि मला त्याचा राग कधी आला नाही.

त्याची एक खोड होती. गाणं सुरू करून द्यायला ड्रमवाला काठीवर काठी मारून चार मोजतो ना? टक, टक, टक, टक. याचं तसं नव्हतं. टक, टक, टक... टक. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे केसभर थांबायचा. गाण्यातसुद्धा मऊ जागा आली की मागे रेंगाळायचा. पहिल्या अल्बमला लोकांना तेच तर आवडलं होतं. पण दुसऱ्या अल्बमला मोठी कंपनी मिळाली, आणि कंपनीच्या माणसाने एकदा ऐकून सांगितलं की ड्रम सरळ नाहीत, बदला.

झालं. बँडच्या गायकाने मान डोलावली, बाकीच्या दोघांनी डोलावली, रेकॉर्डिस्टने डोलावली. टकटकला सांगायचं कुणी, यावर मात्र सगळ्यांना एकदम दुसरं काम आठवलं.

तुम्हाला माहीत आहे, तरी सांगतो. आधी ड्रम घेतात आणि त्यावर बाकीचे एकेक करून वाजवतात. म्हणजे दहाच्या दहा गाणी या पोराच्या हातावर उभी होती. गायकाने श्वास कुठे घ्यायचा तेसुद्धा टकटक जिथे रेंगाळला त्यावरून ठरलं होतं. आता त्याला खालून काढून घ्यायचं आणि तिथे दुसरा बसवायचा. चार रात्रींत काम उरकलं. भाड्याने एक वाजवणारा आणला. मोठा कसबी माणूस. हेडफोनमध्ये टकटकला ऐकत ऐकत त्याने ठोक्याला ठोका लावला, रेंगाळणाऱ्या जागा तेवढ्या सरळ केल्या. बाकीच्यांचं जे वाकडं दिसायला लागलं ते रेकॉर्डिस्टने कॉम्प्युटरवर ओढूनताणून बसवलं. सुरुवातीचे चार टोले मात्र त्या भाड्याच्या माणसाला काही जमेनात. सहा वेळा करून बघितले. शेवटी वैतागून म्हणाला, "ते कापून टाका हो." कापून टाकले.

टकटकला त्या चार रात्री सुट्टी. तुझं काम झालं, आराम कर, म्हणून. आणि त्याला संशय येऊ नये म्हणून रेकॉर्डिस्टने दोन सीड्या केल्या. एकीत नवे ड्रम, म्हणजे जो अल्बम बाहेर जाणार तो. दुसरीत टकटकचेच ड्रम, खास त्याला घरी ऐकायला. दोन्ही पांढऱ्या, आणि दोन्हींवर काही लिहिलेलं नाही. लिहिणार तरी काय? एकीवर खरी आणि एकीवर खोटी?

बुधवारी संध्याकाळी सहा वाजता त्याने टकटकच्या हातात सीडी ठेवली. नेमकी चुकीची.

टकटकच्या घरी तो आणि त्याचा बाप, दोघंच. बाप पस्तीस वर्षं छापखान्यात मशीनवर होता, आणि त्या मशीनच्या घरघरीत त्याचे दोन्ही कान गेले. पण तळहात असा, की चालत्या मशीनवर ठेवला की आत कुठला स्क्रू ढिला झालाय ते सांगायचा. पोराचा पहिला अल्बम त्याने हातानेच ऐकला होता. त्यासाठी मी एक खोकं करून दिलं होतं. जाड फळीचं, गुडघ्याएवढं, आत एक मोठा स्पीकर. त्यावर हात ठेवून म्हातारा डोळे मिटून बसायचा. पोरगा कुठे चुकला तेसुद्धा सांगायचा, आणि बरोबर सांगायचा.

तर टकटकने सीडी लावली. ऐकली. खूश झाला. वाजवणारा आपण नाही हे त्याला स्वतःला ओळखू आलं नाही, पोरांनो. तीन वेळा ऐकली आणि बापाला खुणा करून सांगत सुटला की बघा बाबा, यंदा किती सरळ वाजवलंय मी. हे मला म्हाताऱ्यानेच नंतर सांगितलं. मग म्हाताऱ्याने खोक्यावर हात ठेवला. पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. तिसऱ्याच्या मधेच त्याने हात उचलला आणि म्हणाला, "हे तू नाहीस."

आता जो भाग मी गाळतो तो.

नऊ वाजून वीस मिनिटांनी माझा फोन वाजला.

"काका, जेवलात?"

"जेवलो. काय रे?"

"एक विचारू? माझ्या ड्रमना कुणी हात लावलाय का?"

मला माहीत होतं. चारही रात्री मी तिथे होतो. त्या भाड्याच्या माणसासाठी माईकच्या वायरी मीच ओढल्या होत्या. हो रे बाळा, लावलाय, आत्ता माझ्याकडे ये, उद्या दोघं मिळून सगळ्यांशी भांडू, एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. आणि मी काय म्हटलं? "मला काय माहीत बाबा. मी साधा वायरमन. रेकॉर्डिस्टला विचार."

तिकडे बोटांनी कशावर तरी वाजवणं चाललं होतं. मग ते थांबलं.

"बरं काका," म्हणाला, आणि ठेवला.

रेकॉर्डिस्टला त्याने आठ वेळा फोन केला. फोन खणात होता, आवाज बंद करून. मग त्याने मोटरसायकल काढली. बर्फाच्या कारखान्याजवळ रस्ता वळतो, तिथे एक बंद पडलेला ट्रक उभा होता. मागचा दिवा नसलेला.

...

नाही, पाणी नको. बरा आहे मी.

तीन आठवडे सगळे मूग गिळून बसलो. कंपनीची तारीख जवळ आली तेव्हा कामाला हात लावणं भाग पडलं. एका गुरुवारी संध्याकाळी गायक स्टुडिओत आला आणि रेकॉर्डिस्टला विचारायला लागला, "त्याचे ड्रम अजून कॉम्प्युटरवर आहेत?"

"आहेत."

"पुसून टाक. उद्या कुणाला सापडले तर लोक म्हणतील, याला काढलं म्हणूनच हा..."

पुढचं त्याला बोलवेना. रडत होता तो. वाईट नव्हता हो. आमच्यातलं कुणीच वाईट नव्हतं, तीच तर रड आहे. रेकॉर्डिस्टने पुसलं. दहा गाणी, एकेक करून. ती दुसरी सीडी त्याच्यापाशी उरली होती, तीही गायकासमोर मोडून टाकली. त्या पोराने दोन महिने घाम गाळून जे वाजवलं होतं, त्यातला एक ठोका कुठे शिल्लक ठेवला नाही.

त्याच रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. रेकॉर्डिस्ट होता.

"झोपलायस का?"

"नाही, नाचतोय. बोल."

"तुझ्या वायरिंगमध्ये काहीतरी लोचा आहे. आवाज येतोय."

"कसला?"

"टकटक."

मी अंथरुणात उठून बसलो. विचारलं, कधी येतो? तो म्हणाला, शेवटचं गाणं लावलं की येतो. गाणं सुरू व्हायच्या आधी. तिथे मी काहीही ठेवलेलं नाही, कोरी जागा आहे. तीन टोले येतात. तीनच.

मी वायरमन माणूस. आवाज आला की त्याला वायर असणार, एवढंच मला कळतं. म्हटलं, माईक सगळे काढ. काढले. येतोय. हेडफोन काढ. काढले. येतोय. म्हटलं, कॉम्प्युटर बंद कर.

"केला."

"आता?"

"येतोय."

"स्पीकरमध्ये?"

"नाही..." तो एकदम हळू बोलायला लागला. "काचेपलीकडून."

काचेपलीकडे ड्रम होते. टकटकचेच. चादर टाकून ठेवलेले. तीन आठवडे त्यांना कुणी शिवलं नव्हतं.

"मेन बंद कर," मी म्हटलं.

"अंधार होईल."

"होऊ दे. कर."

खटका पडल्याचा आवाज आला. पंख्याची घरघर थांबली. मग काहीच नाही.

"केलास?"

"हो."

"आता?"

...

"अरे, आता?"

...

त्याचा श्वास ऐकू येत होता. नुसता श्वास. आणि मग फोनमध्ये, लांबून...

टक.

टक.

टक.

...

मी चौथ्याची वाट बघत होतो. तोही बघत असणार. फोन कानाशी घट्ट धरलेला. केसभर थांबायचा तो. केसभर.

...

चौथा आला नाही.

"ऐकलंस?" रेकॉर्डिस्टने विचारलं.

आणि मी म्हणालो, "नाही."

हे माझं दुसरं खोटं. त्याला तिथे अंधारात, अठरा पायऱ्या खाली, एकट्याला टाकलं मी. तो कसा वर आला त्याचं त्यालाच माहीत. सकाळी माझ्या दारात उभा होता. बूट एकाच पायात. म्हणाला, म्हाताऱ्याकडे जायचं. सगळं सांगायचं. मी म्हटलं, चल.

म्हातारा खिडकीपाशी बसला होता. समोर ते खोकं. पोरगा गेल्यापासून त्याने त्याची वायर काढून वरच गुंडाळून ठेवली होती आणि त्यावर एक पंचा टाकला होता. आम्हाला बघून त्याने पंचा काढला. "झाला ना अल्बम? लावा," म्हणाला.

त्याला काही सांगायचं तर लिहून दाखवावं लागायचं. रेकॉर्डिस्टने टेबलावरची वही ओढली आणि लिहायला बसला. पेन इतकं दाबलं की पहिलं पान फाटलं. मी उगाच काहीतरी करायचं म्हणून वायर सोडवत होतो. सीडी माझ्या खिशात होती, पाकिटात. प्लग माझ्या मुठीत होता. हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो. प्लग माझ्या मुठीत होता.

रेकॉर्डिस्टने लिहिलं, 'आम्ही तुमच्या मुलाचं'. तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "थांब. लिहू नकोस. सुरू झालं."

त्याचा तळहात खोक्यावर होता.

डोळे मिटलेले. दुसऱ्या हाताचं एक बोट वर झालं. एक. मग दोन. मग तीन.

...

बोट तिथेच थांबलं.

मी श्वास घेतला नाही. रेकॉर्डिस्टनेही नाही.

...

मग म्हातारा हसला. चौथं बोट वर केलं, आणि मान डोलवायला लागला.

"हा आहे," म्हणाला. "बघा कसा रेंगाळतोय, गाढव."

बेचाळीस मिनिटं. अल्बम बेचाळीस मिनिटांचाच होता. तेवढा वेळ म्हातारा डोलत होता, मधेच मांडीवर थाप मारत होता, आणि आम्ही दोघं भिंतीला चिकटून उभे. खोलीत आवाज कसलाच नव्हता. मग त्याने हात उचलला. डोळे पुसले.

"छान झालंय," म्हणाला. "म्हणजे पहिल्यापासून तोच होता. त्या रात्री माझाच हात चुकला. म्हाताऱ्याचा हात, चुकणारच. मी उगाच म्हणालो, हे तू नाहीस. नसतो बोललो, तर पोरगं घरीच राहिलं असतं."

आता ऐका. तेव्हा बोलायला हवं होतं. नाही हो, तुमचा हात बरोबर होता, चूक आमची. एवढं एक वाक्य लिहायचं होतं, आणि वही समोर उघडी होती, पेन हातात होतं. रेकॉर्डिस्टने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. त्याने ते पान फाडलं, घडी केली, खिशात घातली.

त्यानंतर चार वर्षं जगला म्हातारा. पोराला आपणच मारलं असं समजत जगला, आणि तसंच समजत गेला. मी दर रविवारी जायचो. चहा प्यायचो. आणि दर रविवारी न बोलता परत यायचो. भूत कशाला म्हणायचं ते तुम्ही ठरवा. त्या तळघरातल्याला मी भूत नाही म्हणत. तो बिचारा आपल्या बापाला ऐकवायला आला होता. जी दहा गाणी आम्ही पुसली, ती त्याने जाऊन वाजवून दाखवली. मला भीती वाटते ती त्या वहीची.

अल्बम बाहेर आला. त्यावर टकटकचं नाव छापलं होतं. लोक म्हणाले, काय ड्रम आहेत. रेकॉर्डिस्टने स्टुडिओ बंद केला, आता तो पंखे विकतो. कुठे घड्याळाचा आवाज मोठा असला की उठून बाहेर जातो. म्हातारा गेल्यावर ते खोकं माझ्याकडे आलं. मी त्याची वायर मुळापासून कापून टाकली.

तुमचं तुम्ही बघा. पण फोन आहेत ना खिशात? आवाज सुरू करा आधी. आणि लावा त्याला, आत्ता. सांगा. शिव्या घालेल, घालू दे. शिव्या घालणारा माणूस निदान घरी असतो.

आणि तू गं... बास वाजवणारी. जरा पुढे सरकून बस. कशाला टेकलीयस तू?

हो. तेच ते.

घाबरू नकोस. हात फिरव मागून, वायर लागते का हाताला? नाही ना? लाईटही नाही.

मग पाय कशाला हलवतेयस मघापासून? मेणबत्तीच्या उजेडात मला तेवढाच दिसतोय. तीनदा आपटतेस आणि थांबतेस. तीनदा आपटतेस आणि थांबतेस...

कुणासाठी थांबतेयस, बाळ?